हिमोढातली पायरी भ्रंशाची की बर्फाची? या कामात शिरताना आधी काय शिकावं?

दगडवाट

संरचनात्मक भूविज्ञानाचा पाया पक्का आहे: नकाशे, स्टिरिओनेट, भ्रंशपृष्ठावरच्या घासरेघा वगैरे. पुढचं काम हिमनद्यांनी कोरलेल्या आणि शिवाय भूकंपप्रवण असलेल्या डोंगररांगांमध्ये करायचं आहे. हिमनद्यांचा अभ्यास मात्र पदवीच्या एका प्रकरणापुरताच झालेला. लायडारचे (लेसरने मोजलेल्या उंचीचे) हिलशेड, म्हणजे उजेड-सावलीचे नकाशे, पाहताना पुढच्या गोष्टींवर अडायला होतं:

१. हिमोढाच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाच्या) कण्यावर आडवी पायरी दिसते. ती भ्रंशाची, की बर्फाने किंवा उतार खचून झालेली? ठरवायचे भरवशाचे निकष कोणते?

२. भ्रंशाने कापलेला हिमोढ असला तर त्याचं वय कसं काढायचं, आणि त्या वयावर किती विसंबायचं?

३. दोन्ही शाखा येणाऱ्या माणसाला काम कुठे असतं? आधी काय शिकावं?

कातळरेघ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. वयाबद्दल इतर जाणकार सांगतीलच.

संरचनात्मक भूविज्ञानातून येणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सरळ रेघ दिसली की भ्रंश म्हणून मोकळं होणं. बर्फाच्या प्रदेशात सरळ रेघा पाडणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. हिमनदीच्या कडेने वाहणाऱ्या वितळपाण्याचे चर डोंगरउतारावर किलोमीटरभर सरळ जातात. बर्फाचा गाडला गेलेला तुकडा वितळून जमीन बसली की केटल खळग्याला तीव्र काठ येतो. बर्फाचा आधार निघून गेल्यावर दरीच्या भिंती सैल होतात आणि कण्याजवळ डोंगराकडे तोंड केलेल्या पायऱ्या पडतात, त्यांना सॅकुंग म्हणतात. ही शेवटची फसवणूक सगळ्यात मोठी. सॅकुंगची पायरी खडकातून जाते, गवताखालून जाते, ताजी दिसते आणि पुष्कळदा खडकातल्या जुन्या भेगांच्याच दिशेने धावते.

म्हणून आधी बर्फाला आणि उताराला संशयित धरायचं. ते दोघे सुटले तरच भ्रंश.

पहिली तपासणी समोच्च रेषांशी. पायरी समोच्च रेषांना धरून, कण्याला समांतर चालली असेल आणि दरीच्या तळाशी येण्याआधी विरत असेल तर ती बहुधा उतार खचल्याची. भ्रंश दरी ओलांडून पलीकडच्या उतारावर जातो. वाटेत हिमोढ, गोटे-वाळूचं मैदान, नदीची पायरी, उघडा खडक असं जे येईल ते कापतो.

दुसरी तपासणी वयाच्या क्रमाची, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. एकाच रेघेवर जुना हिमोढ, त्याच्या आतला तरुण हिमोढ आणि त्याहून तरुण नदीपायरी अशा तीन पृष्ठभागांवर उभा फरक मोजा. भ्रंश वारंवार हलला असेल तर जुन्या पृष्ठभागावर फरक मोठा, तरुणावर लहान. तिन्हींवर सारखाच फरक आला तर सगळी हालचाल सगळ्यात तरुण पृष्ठभाग तयार झाल्यानंतर झाली. जुन्यावर कमी आणि तरुणावर जास्त आला तर मोजणी चुकली आहे किंवा तो भ्रंश नाही.

तिसरी, लांबी आणि उंचीचं प्रमाण. एका भूकंपात जमीन ३ मीटर सरकली असेल तर फाटलेली लांबी काही दहा किलोमीटर तरी अपेक्षित असते. १९९४ साली वेल्स आणि कॉपरस्मिथ यांनी दिलेलं समीकरण हाताशी ठेवा: महत्ता (मॅग्निट्यूड) = ५.०८ + १.१६ × लॉग (पृष्ठभागावरची फाट, किमी). १० किमीला ६.२ येते, १०० किमीला ७.४. पाचशे मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एकटीच पायरी सापडली तर एकतर ती भ्रंशाची नाही, किंवा उरलेली लांबी कुठेतरी पुसली गेली आहे. दुसऱ्या शक्यतेलाही पुरावा लागतो. नकाशावर तुटक रेघ ओढून भागत नाही.

आता मोजणीची एक चूक. ढाळ असलेल्या जमिनीवर पायरीची उंची म्हणजे खरा उभा फरक नव्हे. समजा हिमोढाचा पृष्ठभाग १० अंश उताराचा आहे, पायरीची आडवी रुंदी १२ मीटर आणि माथा-पायथा यांतलं अंतर ५ मीटर. मूळ उतारानेच त्या १२ मीटरांत २.१ मीटर उतरलं असतं, म्हणजे खरा फरक २.९ मीटर. सरसकट ५ लिहिलं तर सरकण्याचा दर पावणेदोनपट फुगतो. छेद घेताना पायरीच्या दोन्ही बाजूंना किमान ३०-४० मीटर न बिघडलेला पृष्ठभाग घ्या, दोन्हीकडे सरळ रेघा बसवा आणि त्या रेघांमधलं उभं अंतर पायरीच्या मध्यावर मोजा.

आडवी सरक मोजताना हिमोढाचा कणा धरा, एकाच बाजूचा उतार धरू नका. जमीन नुसती उभी हलली तरी एका उतारावरची समोच्च रेषा डावीकडे सरकल्यासारखी दिसते आणि दुसऱ्यावरची उजवीकडे. दरीच्या दोन्ही अंगांचे पार्श्व हिमोढ एकाच दिशेला सरकलेले दिसले तर आडव्या सरकीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बर्फ ओसरताना झालेल्या भ्रंशांचा नमुना पाहायचा तर उत्तर स्वीडनमधला पार्वी भ्रंश पाहा. सुमारे १५५ किमी लांब, काही ठिकाणी पायरी १० मीटरच्या आसपास. टिलही (हिमनदीने टाकलेली मिश्र दगडमाती) कापतो, खडकही कापतो. त्याच्यासमोर बसून वर सांगितलेली प्रत्येक तपासणी करता येते.

टिलमाती

कातळरेघ यांच्याशी सहमत. एक भर घालतो: पायरी टिलमध्ये असेल तर तिच्या ताजेपणावरून वय सांगू नका. टिलमध्ये बारीक मातीपासून धोंड्यापर्यंत सगळं घट्ट दाबलेलं असतं. सुट्या वाळूत जी पायरी काही हजार वर्षांत गोल झाली असती, ती टिलमध्ये बराच काळ धारदार राहते.

आता वयाकडे. तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची खोट वेगळी.

धोंड्यांवरचं बेरिलियम-१०. वैश्विक किरण क्वार्ट्झमधल्या ऑक्सिजनवर आदळून हे समस्थानिक तयार होतं. ते किती साठलं यावरून धोंडा किती काळ उघडा आहे ते कळतं. समुद्रसपाटीला, उच्च अक्षांशावर वेग ग्रॅममागे वर्षाला साधारण ४ अणू, आणि उंचीबरोबर तो झपाट्याने वाढतो. अर्धायुष्य सुमारे १३.९ लाख वर्षं, त्यामुळे शेवटच्या हिमयुगासाठी ऱ्हासाची चिंता नाही. किरणांचा जोर सुमारे ६० सेंटिमीटर खडकात ३७ टक्क्यांवर येतो. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर नमुना कुठून घ्यायचा ते आपोआप कळतं.

धोंडा हिमोढाच्या कण्यावरचा हवा, उतारावरचा नको. एक मीटरपेक्षा उंच, रुंद बुडाचा, जमिनीत पक्का रुतलेला. माथा सपाट आणि शक्यतो हिमनदीने घासलेला. छिन्नी-हातोडीने वरच्या २ ते ५ सेंटिमीटरमधून अर्धा ते एक किलो तुकडे काढा. धोंड्याच्या कडेचे काढू नका, तिथे न्यूट्रॉन बाजूने निसटतात. नमुन्याची जाडी तिथेच मोजून लिहा. पाच सेंटिमीटर जाडीची दुरुस्ती साधारण ४ टक्के असते आणि घरी आल्यावर तुकड्यांवरून जाडी कळत नाही. क्षितिजावर डोंगर किती वर येतात ते क्लिनोमीटरने (कोन मोजायच्या उपकरणाने) दर ३० अंशांना टिपा. माथ्याचा उतार आणि दिशा टिपा. फोटोत मोजपट्टी ठेवा.

प्रयोगशाळेत दगड दळून २५० ते ५०० मायक्रॉनचा भाग चाळतात. चुंबकाने गडद खनिजं काढतात, मग हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या पातळ मिश्रणात पुन्हा पुन्हा खरवडून शुद्ध क्वार्ट्झ उरवतात. तरुण हिमोढाला १० ते २० ग्रॅम शुद्ध क्वार्ट्झ लागतो. त्यात साधं बेरिलियम-९ पाव मिलिग्रॅमच्या आसपास मोजून घालतात, क्वार्ट्झ विरघळवतात, आयन-विनिमय स्तंभांतून बेरिलियम वेगळं करतात, भाजून ऑक्साइड करतात आणि त्वरक वस्तुमान वर्णपटमापकावर गुणोत्तर मोजतात. ॲल्युमिनियम नीट निघालेलं नसेल तर फेल्डस्पार शिल्लक आहे असं समजायचं आणि पुन्हा आम्लात घालायचं. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं बिघडतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीसुद्धा नाही.

आकडे आल्यावरचा प्रश्न खरा. समजा एकाच कण्यावरच्या सहा धोंड्यांची वयं अशी आली: ११.४, १४.६, १५.१, १५.३, १५.८ आणि २३.० हजार वर्षं. सरासरी १५.९ हजार येते आणि ती कशाचंच वय नाही. २३ वाला धोंडा आधी कुठल्यातरी कड्यावर उघडा होता, तिथलं बेरिलियम घेऊन आला. ११.४ वाला बराच काळ मातीत होता, हिमोढ झिजला तसा नंतर उघडा पडला. मधल्या चौघांचा गट म्हणजे हिमोढाचं वय, साधारण १५.२ हजार. पण चौघांचा असा गट जुळलाच नाही, वयं ९ पासून १९ पर्यंत सारखी पसरली, तर हिमोढ झिजत राहिला असं समजावं आणि सगळ्यात जुन्या वयाकडे झुकावं. जगभरातले आकडे एकत्र पाहिले तर उशिरा उघडं पडण्याची चूक आधीच्या उघडेपणापेक्षा जास्त आढळते. म्हणूनच तीन धोंड्यांवर काम भागवू नये. किमान पाच-सहा हवेत.

बारीक दुरुस्त्या: वर्षातले सहा महिने अर्धा मीटर बर्फ साचत असेल तर वय चार-पाच टक्क्यांनी कमी दिसतं. उंच धोंड्याच्या माथ्यावरचं बर्फ वारा उडवून नेतो, हे उंच धोंडा निवडण्याचं दुसरं कारण. दगडाचा पृष्ठभाग हजार वर्षांना ३ मिमी झिजत असेल तर १५ हजार वर्षांच्या धोंड्यात अंदाजे ४ टक्के.

या निवडीवर किती अवलंबून असतं याचं उदाहरण म्हणजे काराकोरम भ्रंश. लडाखच्या बाजूला सरकलेल्या निक्षेपांवरून २००२ मध्ये वर्षाला सुमारे ४ मिमी दर निघाला. पश्चिम तिबेटमधल्या सरकलेल्या हिमोढांवरून २००५ मध्ये सुमारे ११ मिमी. जागा वेगळ्या आहेत हे खरं. पण वादाचा मोठा भाग कोणत्या धोंड्यांना हिमोढाचं वय मानायचं, यावरच होता.

दुसरा मार्ग, वाळूची प्रकाश-उद्दीपित दीप्ती. कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते ती सांगते. गोटे-वाळूच्या मैदानातल्या बारीक वाळूच्या पट्ट्यासाठी. साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची, २०-३० सेंटिमीटर लांबीची पोलादी नळी ठोकून उजेड न लागू देता नमुना काढतात. खोट अशी की हिमनदीचं पाणी गढूळ असतं, कणांना गाडलं जाण्याआधी पुरेसा उजेड मिळत नाही आणि वय जास्त येतं. उपाय म्हणजे एकेक कण मोजणं आणि कमीत कमी वयाचं प्रतिमान वापरणं. नळीभोवती ३० सेंटिमीटरच्या परिघात मोठे गोटे असतील तर किरणोत्सर्गाची मात्रा जागेवरच गॅमा वर्णपटमापकाने मोजा, नाहीतर हिशेब ढळतो. तरुण पर्वतांमधला क्वार्ट्झ बऱ्याचदा मंद असतो. तेव्हा फेल्डस्पार घ्यावा लागतो आणि त्याचा संकेत काळानुसार गळतो, त्याची दुरुस्ती आली.

तिसरा, कार्बन-१४. सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत चालतो. केटल तळ्याच्या तळाशी सापडलेलं पान किंवा सूचिपर्णी झाडाची सुई उत्तम. अख्ख्या गाळाचा नमुना नको. चुनखडीच्या भागात पाण्यातल्या वनस्पती जुना कार्बन घेतात आणि वय हकनाक वाढतं. आणि तळ्यात पहिलं पान पडलं ते बर्फ ओसरल्यावर कधीतरी, त्यामुळे हे हिमोढाचं कमीत कमी वय असतं.

दगडवाट

दोघांचेही आभार. यातून पुढचा प्रश्न. समजा पार्श्व हिमोढाचा कणा १२ मीटर सरकलेला आहे, चूक २ मीटर. वय १५ हजार, चूक एक हजार. भागाकार केला की वर्षाला ०.८ मिमी, चूक ०.१४. अहवालात हा दर दिला तर पुरे का?

कातळरेघ

भागाकार बरोबर आहे, पण तो दर तसाच पुढे देऊ नका. तीन अडचणी आहेत.

एक, घड्याळ कधी सुरू झालं? हिमनदी हिमोढाला टेकून असेतो ती नवं सामान टाकत राहते आणि सरक पुसत राहते. कण्याचं वय म्हणजे बर्फाने हिमोढ सोडल्याची वेळ असेल तरच १२ मीटर आणि १५ हजार एकमेकांना लागू. बाहेरचा उतार आतल्यापेक्षा आधी मोकळा होतो. म्हणून सरक कण्यावर मोजायची आणि धोंडेही कण्यावरचेच घ्यायचे.

दोन, भूकंपांची संख्या. १२ मीटर चार भूकंपांत सरकले असतील तर प्रत्येकी सरासरी ३ मीटर. शेवटचा भूकंप कालचा की पाच हजार वर्षांपूर्वीचा, यावर सरासरी बदलते. शक्य असेल तर पहिल्या आणि शेवटच्या भूकंपाच्या मधले बंद कालखंडच मोजावेत.

तीन, आणि ही या प्रदेशाची खास गोष्ट: दर सारखा नसतो. तीन किलोमीटर जाडीच्या हिमस्तराचा भार सुमारे २७ मेगापास्कल. तो पुरेसा काळ राहिला तर खालचं प्रावरण बाजूला सरकून कवच आठशे मीटरच्या आसपास दबतं. बर्फ गेल्यावर उभा दाब तडक कमी होतो. आडवा ताण मात्र कवच वर येईपर्यंत रेंगाळतो. दाबाच्या प्रदेशात याने थ्रस्ट (एक बाजू दुसरीवर चढणारा भ्रंश) सुटतो, आणि पार्वी हलला तो असाच, बर्फ ओसरण्याच्या सुमारास. त्याच्या महत्तेचा अंदाज ८ च्या आसपास आहे. ताणाच्या प्रदेशातही अमेरिकेतल्या टेटन भ्रंशाच्या संगणकीय प्रतिमानात बर्फ गेल्यावर सरकण्याचा वेग वाढलेला दिसतो. म्हणजे तुमच्या १२ मीटरांतले नऊ पहिल्या पाच हजार वर्षांत झालेले असू शकतात. तसं असेल तर आजचा दर ०.८ नव्हे, ०.३ निघतो. धरण बांधणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे.

उलटही घडतं. नॉर्वेचा स्टुओरागुरा भ्रंश बर्फ ओसरतानाच हलून शांत झाला असं बराच काळ मानलं जायचं. नंतर भ्रंशावर खोदलेल्या चरांमध्ये अलीकडच्या काही हजार वर्षांतल्या हालचाली सापडल्या. म्हणून अहवालात एक आकडा देऊ नका. वेगवेगळ्या वयाच्या पृष्ठभागांवरचे दर वेगवेगळे लिहा आणि चर खोदल्याशिवाय शेवटच्या भूकंपाबद्दल विधान करू नका.

चर_आणि_दोरी

चर खोदण्याचा विषय निघालाच आहे तर.

सगळ्यात उंच पायरीवर चर खोदू नका. टिलमध्ये थर नसतात आणि थर नसले की भ्रंश दिसूनही भूकंप मोजता येत नाहीत. त्याच रेघेवर एक-दोन मीटरची पायरी शोधा जिथे ती ओढ्याने पसरलेल्या पंख्यासारख्या गाळातून किंवा दलदलीतून जाते. पायरीच्या तोंडाशी पाणी अडून पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साचलेलं असेल तर सोनंच. पायरी पडल्यावर वरचा काठ ढासळून पायथ्याशी मातीची पाचर तयार होते. तिची जास्तीत जास्त जाडी मूळ कड्याच्या उंचीच्या साधारण निम्मी असते. एकावर एक तीन पाचरी, मध्ये मातीचे जुने थर, म्हणजे तीन भूकंप. प्रत्येक पाचरीच्या लगेच खालचा आणि लगेच वरचा कार्बन नमुना घेतला की भूकंपाची तारीख दोन्ही बाजूंनी पकडता येते. झाडाची मुळं नमुन्यात येऊ देऊ नका, ती वय कमी करतात.

थंड प्रदेशातला चकवा: जमीन गोठताना-वितळताना पडलेल्या उभ्या भेगा, वर रुंद आणि खाली निमुळत्या. त्यांत वरची वाळू भरते आणि त्या भ्रंशाच्या भेगेसारख्या दिसतात. फरक असा की भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर एकाच पातळीवर असतात आणि खाली गेल्यावर भेग संपते. चर ती संपेपर्यंत खोल न्या.

सुरक्षा सगळ्यात आधी. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्या किंवा भिंती पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्या. टिलमधला धोंडा भिंतीत अर्धा दिसतो तेव्हा तो केवढा आहे कळत नाही, आणि दुपारी ऊन लागून गोठलेली माती सुटते. उकरलेला ढीग काठापासून किमान एक मीटर दूर ठेवा. चरातल्या कुणापासूनही शिडी सात मीटरपेक्षा दूर असू नये. पाणी झिरपायला लागलं की आधी माणसं बाहेर काढा, नोंदी नंतर. भिंत खरवडून साफ करा, एक मीटरच्या चौकटीत दोरी-खिळे लावा, फोटो सावलीत घ्या आणि रंगवण्याआधी दोन माणसांनी स्वतंत्रपणे थर ओळखून मगच ताडून पाहा.

हादरा

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते. काम कुठे असतं हे कळायला धोका कुठे असतो ते पाहावं लागतं. भ्रंशरेघ हा त्याचा एक भाग झाला, आणि बर्फाच्या प्रदेशात तो बऱ्याचदा लहान भाग असतो.

९ जुलै १९५८ रोजी अलास्कात फेअरवेदर भ्रंश हलला. लिट्युया उपसागराच्या टोकाला सुमारे तीन कोटी घनमीटर खडक पाण्यात कोसळला आणि समोरच्या उतारावर पाणी ५२४ मीटर उंचीपर्यंत चढलं. हिमनदीने कोरलेली खोल दरी, तीव्र भिंती, तळाशी पाणी, शेजारून भ्रंश. याच चार गोष्टी एकत्र असलेल्या जागा नकाशावर शोधणं हे आज पूर्णवेळ काम आहे. ३१ मे १९७० च्या पेरूमधल्या भूकंपात वास्कारानच्या माथ्यावरून सुटलेल्या बर्फ-खडकांनी युंगाय शहर गाडलं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये लांगटांग गावाचं तेच झालं. भूकंपाचं केंद्र दूर असूनही.

दुसरा धोका मातीचा. हिमनदीने खोल कोरलेल्या दऱ्यांमध्ये पुढे तळी झाली आणि मऊ चिकणमाती साचली. ३० मीटर मातीत कातरतरंगाचा (जमीन आडवी हलवणाऱ्या भूकंपलहरीचा) वेग सेकंदाला १५० मीटर असेल तर तिचा नैसर्गिक आवर्तकाळ (एका झोक्याचा वेळ) चार गुणिले ३० भागिले १५०, म्हणजे ०.८ सेकंद. साधारण आठ मजली इमारतीचाही तेवढाच. दोन्ही जुळले की इमारत झोके घेते. हे मोजायला एक त्रिघटकी भूकंपमापक आणि अर्धा तास शांत नोंद पुरते, आडव्या आणि उभ्या कंपनांचं गुणोत्तर काढायचं. वारा, झाडाची मुळं आणि जवळचा रस्ता नोंद बिघडवतात. १९६४ च्या अलास्का भूकंपात अँकरेजमधली टर्नअगेन हाइट्सची वस्ती घसरली तीही हिमयुगातल्या चिकणमातीच्या थरावरून.

आता नोकऱ्या. राष्ट्रीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणं आणि विद्यापीठं ही सरळ वाट. त्याशिवाय जलविद्युत धरणं, बोगदे, नळवाहिन्या यांच्या जागांचं मूल्यमापन. याचं सगळ्यात सुंदर फळ पाहायचं तर ट्रान्स-अलास्का तेलवाहिनी पाहा. ती डेनाली भ्रंश ओलांडते तिथे भूवैज्ञानिकांच्या अंदाजावरून सुमारे ६ मीटर आडवी आणि दीड मीटर उभी सरक धरून नळ लांब आडव्या तुळयांवर सरकता ठेवला. ३ नोव्हेंबर २००२ ला ७.९ महत्तेचा भूकंप झाला, जमीन तिथे चार मीटरहून जास्त सरकली आणि तेलाचा थेंब सांडला नाही. याच भूकंपात खडकांचे लोट ब्लॅक रॅपिड्स हिमनदीवर पसरले.

एक कमी माहीत असलेलं क्षेत्र म्हणजे अणुकचऱ्याची खोल भांडारं. फिनलंडचं ओन्कालो, स्वीडनचं फोर्समार्क. कचरा एक लाख वर्षं आणि त्याहून अधिक काळ सुरक्षित राहायला हवा, म्हणजे मध्ये पुढचं हिमयुग येणार आणि ओसरणार. तेव्हा पार्वीसारखा भ्रंश पुन्हा हलला तर भांडाराजवळची कोणती भेग किती सरकेल? हा प्रश्न तुमच्या दोन्ही शाखांच्या नेमका मध्ये आहे.

दोन्ही शाखा एकाच माणसात असण्याची गरज का, त्याचं उदाहरण इतिहासातच आहे. १८९९ च्या सप्टेंबरात अलास्काच्या याकुटाट भागात मोठे भूकंप झाले. टार आणि मार्टिन या भूवैज्ञानिकांनी काही वर्षांनी तिथे खडकाला चिकटलेल्या मृत शिंपल्यांवरून किनारा १४.४ मीटर वर आल्याचं मोजलं. भ्रंशाच्या अभ्यासात ती मोजणी आजही उभी आहे. पण त्याच भागातल्या काही हिमनद्या पुढे धावल्या, तेव्हा टार यांनी मांडलं की भूकंपाने पडलेल्या हिमलोटांमुळे त्या धावल्या. कल्पना बरीच वर्षं टिकली. १९६४ च्या भूकंपानंतर हिमनद्यांचे अभ्यासक ऑस्टिन पोस्ट यांनी हवाई छायाचित्रांतून शेकडो हिमनद्या तपासल्या आणि तसं काही घडलेलं दिसलं नाही. हिमनद्या स्वतःच्या अंतर्गत कारणांनी अधूनमधून धावतात. मात्र त्या भूकंपात शर्मन हिमनदीवर पडलेल्या खडकाने सुमारे ८ चौरस किलोमीटर बर्फ झाकला आणि खालचं वितळणं थोपवलं. परिणाम होता, पण वेगळ्या मार्गाने.

आणि अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांचं काम वाचा. १८८३ साली त्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या लोकांना वासाच भ्रंशाबद्दल सावध केलं, ते डोंगरपायथ्याच्या पायऱ्या पाहून. १८९९ मध्ये अलास्काच्या हिमनद्यांवर गेले, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या चौकशीतही होते. वासाचवर बेल्स कॅन्यनच्या तोंडाशी भ्रंशाने कापलेला हिमोढ आहे. तुमचा पहिला प्रश्न तिथे जमिनीवर मांडलेला दिसेल.

दगडवाट

ताई, अणुभांडारांचा विचारच केला नव्हता. शेवटचं विचारतो: ड्रोनने उंचीचं प्रतिमान करून लायडारची गरज भागते का? आणि सरावाला कुठून सुरुवात करू?

हादरा

उघडा हिमोढ असेल तर भागते. झाडोरा असेल तर नाही, ड्रोनचा फोटो पानांच्या वरच थांबतो. उड्डाणात पुढची व्याप्ती ८० टक्के, बाजूची ७० ठेवा. सगळे फोटो सरळ खाली रोखून घेतले तर प्रतिमान मध्ये फुगतं, आणि तुम्ही मोजणार आहात एक-दोन मीटरचा फरक. म्हणून तिरके फोटोही घ्या, आणि जमिनीवर ८ ते १० खुणा अचूक जीपीएसने मोजून पसरून ठेवा, काही पायरीच्या वर, काही खाली. दोन-तीन खुणा हिशेबात न घेता पडताळणीला राखा.

जीपीएसवरून आठवलं. स्थिर केंद्रांच्या उभ्या गतीवरून भ्रंशाचं काही सांगायचं झालं तर आधी बर्फाचा वाटा वजा करा. आग्नेय अलास्कात जमीन काही ठिकाणी वर्षाला ३० मिमीच्या आसपास वर येते आणि त्यातला मोठा भाग गेल्या दोन-अडीचशे वर्षांत वितळलेल्या बर्फामुळे आहे.

कातळरेघ

सरावासाठी: लायडार मोफत मिळणारी एक हिमनदीची दरी निवडा, दहा किलोमीटर पुरे. हिलशेड एकाच दिशेच्या उजेडाने पाहू नका. वायव्येचा उजेड त्याला समांतर रेघा गिळतो. किमान चार दिशा आणि एक उतार-नकाशा घ्या. दिसेल ती प्रत्येक रेघ काढा आणि तीन रंग द्या: बर्फाची, उताराची, भ्रंशाची. रेघेशेजारी कारण एका ओळीत लिहा. जिथे कारण लिहिता येत नाही तिथे चौथा रंग, राखाडी. मग हिमनद्यांवर काम करणाऱ्या कुणाला तरी फक्त भ्रंशाच्या रंगाच्या रेघा दाखवा आणि खोडायला सांगा. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त खोडल्या गेल्या तरी काम सोडू नका. खोडलेल्या रेघा त्यांच्या कारणांसकट वहीत ठेवा आणि पुढची दरी तीच वही उघडी ठेवून काढा.